अर्धी वेडी की पूर्ण?

"अर्धी वेडी हवी की पूर्ण?" कंगवा दातांत धरून ताई विचारायची. चहात साखर किती टाकू, अशा सुरात. दिग्दर्शक "पूर्ण!" म्हणाले, की नटीच्या केसांत उलटा कंगवा, वर मूठभर पावडर. वीस मिनिटांत बया तयार.

तुम्हीही पाहिले असतील आमचे भयपट. नाही म्हणू नका, जेवताना मोबाइलवर सगळेच बघतात. बाई मनाने आजारी असते, म्हणून आमच्या मते ती केस पिंजारते, भिंती ओरबाडते आणि शेवटी विळी घेऊन जिना चढते. बजेटच एवढं, की भूत परवडत नाही. वेडी बाई स्वस्तात पडते. ताई हेअरड्रेसर. मी कंटिन्युइटीवाला, म्हणजे आधीच्या शॉटमध्ये केस जसे होते तसेच पुढच्यात आहेत ना, हे फोटो काढून तपासणारा. तिच्या हातचा गुंता न् गुंता मला पाठ.

पॅकअप झालं तरी ती नटीला तशी सोडायची नाही. खोबरेल लावून सगळे केस मोकळे करायची. गाडीवाले बोंबलायचे. "थांबा हो, पोरीचं डोकं आहे, काथ्या नाही!" हे तिचं ठरलेलं. आम्ही म्हणायचो, "ताई, सकाळी वेड लावतेस, संध्याकाळी उतरवतेस!" ती हसायची आणि आणखी तेल ओतायची.

एकदा बोरिवलीला तिच्या घरी जेवायला गेलो. धाकटी बहीण दाराशी बसून शब्दकोडं सोडवत होती. तेल लावलेली घट्ट वेणी, टोकाला हिरवं रबर. "तिला आवाज ऐकू येतात रे, बरीच वर्षं. गोळ्या चालू आहेत," ताईने स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. "सिनेमाचं काढू नकोस हं. मी लग्नात नवरीचे केस करते असं सांगितलंय. हे असलं करते कळलं, तर काय वाटेल तिला?" इतके दिवस मीही त्याच गुंत्यांचे फोटो काढत होतो की!

मग गोराईच्या बंगल्यातलं शूटिंग आलं. धाकटीजवळ बसणाऱ्या शेजारीण काकू गावी गेल्या, म्हणून ताई तिला होडीने सोबतच घेऊन आली. "ओसरीत बस, आत येऊ नकोस," असं दहा वेळा बजावलं. पण जेवणाच्या सुट्टीत आमची नटी ताट घेऊन नेमकी ओसरीतच टेकली. केस पिंजारलेले, जिना अर्धा चढून झालेला, उरलेला जेवणानंतर.

धाकटी तिच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, हिच्या घरी कोणी नाही का गं?"

मला वाटलं, ताई आता काहीतरी थाप मारणार. पण तिने पेटीतून कंगवा काढून धाकटीच्या हातात दिला. "आपण आहोत ना. घाल तू वेणी."

शॉट अर्ध्यावर असताना केस बदलले, तर ओरडायचं काम माझं होतं. मी मान खाली घालून बोंबील खात बसलो. नटीही गुणाची, निमूट पाठ करून बसली. धाकटीने छान वेणी घातली आणि स्वतःचं हिरवं रबर काढून तिला लावलं.

दिग्दर्शक आले ते किंचाळतच. "वेणी? वाट लागली यार! ताई, विस्कट पटकन."

"नाही सर."

"नाही म्हणजे?"

"हिच्यासमोर नाही. आणि आता हिच्यामागेही नाही."

बंगला भाड्याने पाचपर्यंतच होता आणि ते गुंते दुसऱ्या कोणाला जमत नव्हते. सरांनी कपाळाला हात लावला आणि तसाच शॉट घेतला. ताईला मात्र पुन्हा कधी बोलावलं नाही. ती आता खरंच नवरीचे केस करते म्हणे. नवरीला "अर्धी की पूर्ण?" असं विचारत नसावी, एवढीच आशा.

सिनेमा मोबाइलवर आला. बाई पिंजारलेल्या केसांनी जिना चढते आणि वर पोचते ती चापूनचोपून वेणी घालून. खाली कमेंटमध्ये लोकांनी धमाल उडवली आहे: "जिन्यात पार्लर आहे का?" "कंटिन्युइटीवाला झोपला होता का?" घालू देत शिव्या, माझ्या हक्काच्या आहेत. पण एकाने विचारलंय, "वेडीला वेणी घातली कोणी?" त्याचं उत्तर कितीदा लिहिलं आणि खोडलं. काल शेवटी लिहून टाकलं, "घरच्यांनी."