माझ्या दातांचा निकाल

"तोंड उघड बे," मालक म्हणाला.

मी उघडलं. बैलबाजारात उघडतात तसं, पार घशापर्यंत. नागपूरच्या कॉलेजातल्या प्रोफेसरानं पेन्सिलीच्या टोकानं माझा ओठ वर केला, दात मोजले, वहीत लिहिलं, "एकोणतीस." मग ती पेन्सिल दोन बोटांत लांब धरून नालीत टाकली. कोरी पेन्सिल! माझ्या पोरीनं तिच्यावर दोन वर्षं शाळा काढली असती.

वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधल्यापासून नागपूरचे शहाणे आमच्याकडं काहीही मोजायला येतात.

मी खामगावच्या एका जिनात, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, सरकी चावायचो. हसू नका. कापूस ओला की कोरडा, हे सरकी दाताखाली धरली की कळतं. कडकन फुटली तर कोरडा, दबली तर ओला. शेणाधुळीतून आलेली सरकी मालक कशाला तोंडात घालील? म्हणून तोंड माझं. आणि मी महारवाड्यातला, म्हणून त्या तोंडानं बोलायचं मात्र नाही. सहा हात लांब उभं राहायचं. एक बोट म्हणजे कोरडा, दोन म्हणजे ओला. निकाल मालक ओरडणार.

माझी दाढ अशी तयार झाली होती, की संग्रामपूरची गाडी निम्म्या वाटेवर असतानाच ठणकायची. थोडं वाढवून सांगतोय. थोडंच.

पण हे वाढवलेलं नाही. मालकानं स्वतःच्या कानाची पाळी ओढली, की कोरड्या कापसालाही दोन बोटं. ओला म्हटला की तोलात कापला, तेवढा मालकाचा फायदा. चौदा वर्षं ती बोटं मी दाखवली. माझीच बोटं.

प्रोफेसर व्यापाऱ्यांच्या निर्णयावर आणि नीतीवर प्रबंध लिहीत होता. हातात घड्याळ. मी सरकी चावली की सुरू, मालक ओरडला की बंद.

"विलक्षण! इतक्या झटपट निर्णय कसा घेता, शेठजी?"

"अनुभव हाय, सायेब."

"जाणूनबुजून कधी चुकीचा निर्णय दिलात?"

"देवाची आन. कधीच नाई."

प्रोफेसरानं नीतीच्या रकान्यात पुरे गुण मांडले. मी सहा हातांवर उभा. तोंडात मालकाची नीती. थुंकू कुठं? वाटलं, ज्यानं माझे दात मोजले तो मला एक तरी प्रश्न विचारील. त्यानं पान उलटलं.

तेवढ्यात पिंपळगाव राजाची एक कुणबीण म्हातारी आली, स्वतः गाडी हाकत. मी तिची सरकी फोडली. अशी वाजली की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मालकानं कान ओढला. माझा हात उठला. पहिलं बोट. दुसरं उचलणार, तोच म्हातारी सहा हात ओलांडून थेट माझ्यासमोर.

"त्याच्याकडं काऊन पाह्यतं रे? दात त तुये हायेत ना? तूच सांग मले."

चौदा वर्षांत कोणी मला विचारलं नव्हतं. मी हात खाली घेतला.

"कोरडा हाय, माय."

मग सगळ्या गाड्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "कोरडा हाय! अन् ज्यायले मी दोन बोटं दाखोली, त्यातल्या लय जनायचा कोरडाच होता!"

बैलांनी रवंथ थांबवला.

"डोक्स फिरलं काय बे तुयं?" मालक.

प्रोफेसर घड्याळाकडं बघत म्हणाला, "शेठजी, ही नोंद धरायची का?"

"नका धरू, सायेब. त्याले काय कळते?"

प्रोफेसरानं रबर काढला आणि मला खोडलं.

म्हातारीनं गाडी दुसऱ्या जिनाकडं वळवली. तिच्यामागं शंभर गाड्या वळल्या, असं मी सांगणार होतो. पण या बाबतीत खोटं पुरे झालं. तीन वळल्या.

मला त्याच दुपारी फाटकाबाहेर काढलं. आठवड्यानं मालकाचा निरोप आला, "परत ये, सारं इसरलो." तो विसरला असेल. मी नाही. माझ्यासारखी दाढ दुसरीकडं मिळत नाही, एवढंच त्याचं दुखणं.

मी जाणार नाही. ज्यांचा कोरडा कापूस मी ओला केला, त्यांची गावं मला ठाऊक आहेत. उद्या रोहिणखेडपासून सुरुवात. महारवाड्यातला माणूस दारात उभा राहून "मी तुम्हाला फसवलं" म्हणाला, तर काही जण काठी काढतील. काढोत. मी दारातून हलणार नाही, आणि कोणी फसवायला लावलं तेही सांगितल्याशिवाय गप्प बसणार नाही.