विंगेतली खुर्ची

मला सिंहली येत नाही, म्हणूनच मी सिंहली नाटकाची प्रॉम्प्टर झाले. हे सांगितलं की लोकांना वाटतं मी थट्टा करतेय. पण खरोखर तसंच झालं.

ज्यांच्यासाठी झाले, ते आमच्या अमेरिकेतल्या, नेपरव्हिलच्या घरापासून दोन सिग्नल सोडून लेकीकडे राहायचे. वय अठ्ठ्याहत्तर. श्रीलंकेत पन्नासेक वर्षं रंगभूमीवर आणि सिनेमात काढलेला माणूस. आमची ओळख विहारातली. आम्ही नागपूरचे बौद्ध, ते सिंहली बौद्ध. वंदना पालीत, त्यामुळे तेवढ्यापुरती भाषा एक. बाकी सगळं बोलणं इंग्रजीत. इथे मी ते मराठीत लिहितेय.

खेड्यातल्या शाळेत ते मास्तर होते. गावात नाटक मंडळी आली, एक नट तापाने आडवा झाला, त्याच्या जागी हे उभे राहिले, आणि परत वर्गात गेलेच नाहीत. टपावर ढोल बांधलेल्या बसमधून गावोगाव फिरायचं, शाळेच्या मैदानात रात्रभर खेळ करायचा. पुढे सिनेमा मिळाला. नाक मोठं आणि आवाज खर्जातला, म्हणून पडद्यावर कायम दुष्ट मुखिया. एका सिनेमात त्यांनी सुनेला घराबाहेर काढलं, तर बाजारातली कोळीण म्हणे महिनाभर त्यांना मासे देईना. हे सांगताना ते इतके खूश व्हायचे, जणू काही पुरस्कारच मिळाला होता. पण नाटकात मात्र ते राजा. पडद्यावर पोट भरलं, माणूस म्हणून जगलो ते स्टेजवर, असं म्हणायचे.

"आणि मला कधीही प्रॉम्प्टर लागला नाही," हे दर वेळी वर असायचंच.

त्यांची बायको प्रत्येक प्रयोगाला यायची आणि विंगेत खुर्ची टाकून लेस विणत बसायची. "तिला नाटकाचं फारसं काही नव्हतं," ते म्हणायचे, "पण घरी एकटीला कंटाळा यायचा." ती गेली, तेव्हा लेकीने त्यांना अमेरिकेत आणलं.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाशी त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. हातपाय बचावले, पण शब्द निसटायला लागले. चहा ढवळता ढवळता थांबायचे आणि चमच्याकडे बघत राहायचे, नाव आठवेना म्हणून. नेमकं तेव्हाच विहाराच्या कमिटीने विचारलं, वैशाख पौर्णिमेच्या कार्यक्रमात तुमच्या गाजलेल्या नाटकातलं राजाचं स्वगत कराल का? लेक तोंड उघडायच्या आत हे हो म्हणून मोकळे.

लेक हॉस्पिटलात फार्मासिस्ट आहे, एरवी शांत. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ताडताड बोलली. "दोनशे लोकांसमोर ते अडकले तर पुन्हा उभे राहणार नाहीत. अन्न सोडतील. मी ओळखते त्यांना." शेवटी तिने एक अट घातली. पडद्याच्या दोरीपाशी ती स्वतः उभी राहणार. ते अडकले की पडदा पाडायचा, आणि त्यानंतर स्टेजचं नाव काढायचं नाही.

त्यांनी अट कबूल केली आणि माझ्याकडे आले. "आमच्यातलं कुणी वहीला बसवलं तर दुसऱ्या दिवशी कोलंबोतल्या चहाच्या दुकानात बातमी. तुला काही कळतच नाही, तू कुणाला काय सांगणार?"

माझे वडील जलशात गायचे, दहा वर्षांची असल्यापासून त्यांची वही मीच धरायचे. त्यामुळे विंग मला नवी नव्हती. पण हा प्रकार भलताच होता. ते बोलायचे, मी देवनागरीत उतरवायचे. अकरा पानं झाली. नवरा म्हणाला, "यार, तुला त्या लँग्वेजमध्ये पाणी मागता येत नाही आणि तू प्रॉम्प्ट करणार? कॅन्सल कर." मी त्याला म्हटलं, तू तुझा ड्राइव्हवेवरचा बर्फ काढ.

दोन महिने आमच्या बेसमेंटमध्ये तालीम चालली. स्वगत असं होतं: म्हातारा राजा वनवासातून आपल्याच वेशीवर येतो. पहारेकरी ओळखत नाही, विचारतो, तू कोण? राजा उत्तर देतो. पहारेकऱ्याचा आवाजही तेच काढायचे.

खूण ठरली. डाव्या हाताने उपरण्याचा काठ चिमटीत धरला की मी शब्द द्यायचा. काठ धरला नाही, तर कितीही वेळ गेला तरी चूप. "ती गप्प जागा माझी असते," त्यांनी दम दिला. "तिथे तोंड उघडलंस तर स्टेजवरूनच शिव्या देईन."

"सिंहलीत द्या," मी म्हटलं. "मला कळणार नाहीत."

तालमीत ते कितीदा तरी अडकले, पण दर वेळी हात बरोबर काठावर गेला. वेशीवरच्या जागी मात्र एकदाही अडखळले नाहीत. तिथे मी निर्धास्त होते.

प्रयोग दुपारी, शाळेच्या भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये. पडदा उघडला आणि त्यांचा आवाज ऐकून मी क्षणभर वही विसरले. बेसमेंटमध्ये हा आवाज त्यांनी मला कधी दाखवलाच नव्हता. सात पानं सरळ गेली. दोनदा काठ धरला, दोनदा मी दिलं, कुणाला पत्ता लागला नाही. समोरच्या विंगेत लेक दोरीला हात लावून उभी होती.

मग वेस आली. पहारेकऱ्याच्या आवाजात त्यांनी विचारलं, तू कोण?

आणि थांबले.

मी हात बघितला. काठ सुटलेला होता, बोटं ढिली. म्हणजे ही त्यांची जागा. मी श्वास मोजले. तालमीत इथे चार व्हायचे. सहा झाले. आठ. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. त्यांचे डोळे माझ्याकडे वळले, पण त्यांत काही मागणं नव्हतं. नुसते माझ्यावरून फिरून गेले. खूण विसरले की काय? की हेच नाटक? भाषा येत असती तर वाक्य अर्धं राहिलंय का पुरं झालंय ते तरी समजलं असतं. वहीवर बोट होतं, शब्द ओठांवर होता, आणि मी, जिच्या तोंडाला घरीदारी सगळे वचकून असतात ती मी, घाबरून गप्प बसले.

समोर लेकीने दोरी मुठीत आवळली. आता पडदा येणार. मी मानेने नको नको म्हणत होते, पण तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. ती वडिलांकडे बघत होती. तिने दोरीवरचा हात काढला आणि शब्द दिला. मी वहीत लिहिलेलाच, पण मला आयुष्यात जमला नसता असा.

त्यांचा खांदा हलला. तोच शब्द त्यांनी उचलला, हॉलभर फेकला, आणि उरलेली चार पानं एका दमात पार केली. लोक उभे राहिले. मी वहीवर डोकं टेकून बसले होते.

नंतर मागच्या वर्गात ते माझ्यासमोर आले. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून त्यांच्यासाठी मीच विड्याची पानं आणली होती, विहारातल्या भन्तेजींना द्यायला. त्यातली एक जुडी त्यांनी दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि वाकले. त्यांच्यात गुरूला अशी पानं देतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस माझ्यापुढे वाकलेला मला बघवेना.

"बरोबर वेळेवर दिलंस," ते म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा मला प्रॉम्प्टर लागला."

मी तोंड उघडलं. त्यांच्या मागे लेक उभी होती. तिने हळूच मान हलवली, नाही. मी पानं घेतली. इतकी लाज मला क्वचितच वाटली असेल.

पार्किंगमध्ये मी तिला गाठलं आणि तिच्यावर डाफरले, की मला खोटं श्रेय का घ्यायला लावलंस, शब्द तू दिलास ते त्यांना कळू दे की.

"तिथे ते नेहमीच अडकायचे," ती म्हणाली. "आजारामुळे नाही. पस्तिशीचे होते तेव्हाही. मी लहान होते, विंगेत अम्माच्या पायाशी झोपायचे. अम्मा लेसवरून मान वर न करता शब्द द्यायची. त्यांना वाटायचं, आपल्यालाच आठवला."

मग बेसमेंटमध्ये कसे अडकले नाहीत, मी विचारलं.

"घरीही कधी अडकले नाहीत. लोक समोर असले की मगच."

"आणि त्यांना कधी कळलं नाही?"

"तिने कळू दिलं नाही." गाडीचं दार उघडून ती तशीच उभी राहिली. "आज त्यांना ऐकू गेलं. अम्माइतकं हळू मला जमलं नाही." आणि ती रडायला लागली.

मी पानांची जुडी तिच्या हातात दिली.