ऑपरेटर ताईंचा अर्ज

इस्पितळाचे फोन घेणाऱ्या ताईंना जन्मापासून दिसत नव्हतं. पण आवाजावरून माणूस ओळखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. त्यांचं घोडं अडायचं ते अर्जापाशी. कार्यालयातून अर्जाची पीडीएफ यायची, आणि मोठ्याने वाचून दाखवणारा त्यांचा संगणक प्रत्येक चौकटीला नुसतं 'रिकामी जागा' म्हणायचा. कुठली जागा कशाची, कळायला मार्ग नव्हता. म्हणून अर्ज भरायचा दादा.

दादाचा बहिणीवर फार जीव. त्या मायेपोटीच त्याने मुख्य ऑपरेटरच्या पदासाठीच्या अर्जात 'बदलीस तयार नाही' यावर खूण केली. परक्या गावी हिचं कसं होणार, ही त्याची काळजी. जागा दुसऱ्याला गेली, तेव्हा ताईंना हे कळलं. त्या भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, यापुढे माझा अर्ज मीच भरणार."

दिसत नसलेल्यांसाठीच्या एका ऑनलाइन वर्गात त्या स्क्रिप्ट लिहायला शिकल्या. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीओळीने काम नेमून द्यायचं, की तो मुकाट्याने करतो. कुठली चौकट कशाची हे कळावं म्हणून त्यांनी स्क्रिप्टकडून प्रत्येक चौकटीत संगणकातला तिचा क्रमांक भरून घेतला, कागद छापला आणि वहिनीच्या हातात दिला. वहिनी भाजी निवडता निवडता वाचू लागली. नावाच्या जागी नऊ, जन्मतारखेच्या जागी दोन, पत्त्याच्या जागी एकतीस.

"पत्ते पिसून मांडलाय की काय हा अर्ज?" वहिनी म्हणाली, आणि दोघी हसून हसून बेजार झाल्या.

त्यानंतर स्क्रिप्ट एकेक प्रश्न विचारू लागली आणि ताईंनी टाइप केलेलं उत्तर नेमक्या चौकटीत नेऊन बसवू लागली. आधी आडनावाचं शेपूट कापलं जायचं, खूण भलतीकडेच उमटायची. ताई चुका निस्तरत राहिल्या, वहिनी तपासत राहिली.

पुन्हा जागा निघाली. ताईंनी चहा थंड व्हायच्या आत अर्ज भरला, बदलीला होकार दिला आणि पाठवून दिला. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, अर्ज कोणाकडून भरून घेतलात? "मीच भरला," ताई म्हणाल्या.

निवडीची मेल त्यांनी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना ऐकवली. दादाने मोबाइलवर गाड्यांच्या वेळा काढल्या. मग म्हणाला, "तिकडे खोली बघायला कधी निघायचं?"

नव्या गावच्या इस्पितळात पहिल्याच सकाळी ताईंनी खुर्ची पुढे ओढली, फोन उचलला आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "मुख्य ऑपरेटर बोलतेय."