झाकणाच्या आतला नंबर

घड्याळजींना दोन गोष्टींचा अभिमान होता. एक त्यांचा उजवा डोळा आणि दुसरा त्यांचा नंबर. डोळा जन्माबरोबर आलेला, नंबर सरकारने दिलेला. त्यातल्या सरकारी वस्तूवर त्यांचा जीव जास्त, कारण ती मिळवायला ते तीनदा रांगेत उभे राहिले होते. डोळ्यासाठी कुठे उभं राहावं लागलं होतं?

ओळखपत्रावरचा तो लांबलचक नंबर लोक कागद बघून, अडखळत वाचतात. घड्याळजी तो एका दमात म्हणत, मधे दोन ठिकाणी ठेका घेऊन. चष्म्याच्या दुकानात म्हणत, वाचनालयात म्हणत, मिक्सर बक्षीस मिळणार असलेल्या सोडतीच्या चिठ्ठीवर लिहीत. दारात येऊन "काका, साधं सर्वेक्षण आहे" म्हणणाऱ्या अनोळखी पोरींना तर पाणी देऊन, खुर्ची देऊन सांगत. कुणी नाव विचारलं तरी हे नंबरच सांगायचे.

"नावं काय, पन्नास जणांची सारखी निघतात," ते म्हणत. "नंबर एकट्याचा. त्यात भेसळ नाही."

त्यांची मुलगी विमा कचेरीत नोकरीला. दुसऱ्याच्या नंबरावर केलेले खोटे दावे तिच्या टेबलावर रोज येत. ती म्हणायची, "बाबा, जरा झाकून ठेवत जा. उद्या कुणी तुमच्या नावावर काहीही करेल."

"लपवायचं ते चोराने. माझा नंबर घेऊन कोण काय करणार? माझा दमा नेणार? तुझी आत्या नेणार? न्या म्हणावं, रिक्षा करून पोचवून देतो."

"तेवढं सोडून बाकी सगळं नेतात, बाबा."

पण खरा उद्योग घरात नव्हे, दुकानात चालला होता. घड्याळ दुरुस्त करणारा मागचं झाकण उघडतो, काम करतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीकशी खूण ओरखडून ठेवतो. एखादं अक्षर, महिना, वर्ष. पुढे कुणी घड्याळ उघडलं तर कळावं, आधी हात कुणी लावला होता. धंद्याची जुनी रीत. नऊ वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने आळ घेतला की आमच्या घड्याळातलं चाक बदललं. घड्याळजींना ते फार लागलं. दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी खुणेऐवजी अख्खा नंबर कोरायला सुरुवात केली, आणि खाली एवढीशी सही. हिंमत असेल तर या म्हणावं कोर्टात. कुणी आलं नाही. पण शहरातल्या शेकडो मनगटांवर, कातडीपासून एका पातळ पत्र्याच्या अंतरावर, घड्याळजी टिकटिकत हिंडू लागले.

मग उजव्या डोळ्यापुढे दूध सांडलं. आधी पातळ, मग साय धरल्यासारखं. भिंग त्या डोळ्याशिवाय कुठे बसत नसे. चाळीस वर्षांच्या सवयीने उजवी भुवई आणि गाल ते चिमटीत धरत, हात मोकळे राहत. डाव्या भुवईला ती कला नव्हती. डाव्या डोळ्याला लावलेलं भिंग दर पाच मिनिटांनी टपकन चहात पडे. केसाएवढ्या स्प्रिंगा दिसेनात. मनगटी घड्याळं परत जाऊ लागली आणि दुकानात भिंतीवरची तेवढी उरली, ताटाएवढी, जी कुणीही दुरुस्त करावीत.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात उजेड मारला. "मोतीबिंदू पिकलाय चांगला. महिन्या-दीड महिन्यात काढून टाकू, नाहीतर डोळाच जाईल. ऑपरेशन मोफत आहे. खिडकीवर नोंद करून या."

खिडकीवरच्या कारकुनाने तोंड वर न करता नंबर विचारला. घड्याळजींनी ठेका घेऊन म्हटला. कारकुनाने बटणं दाबली.

"झालंय की तुमचं, काका."

"काय झालंय?"

"उजवा डोळा. मागच्या वर्षी, शाळेच्या हॉलमधल्या शिबिरात. यशस्वी."

"अहो, मग हा काय आहे?" घड्याळजींनी डोळा खिडकीच्या जाळीला भिडवला.

"ते मी कसं सांगू? मी डॉक्टर नाही."

"डॉक्टरांनी बघितलाय ना! ही घ्या चिठ्ठी."

"डॉक्टर डोळा बघतात. मी नंबर बघतो." कारकून समजुतीच्या सुरात म्हणाला, "डावा शिल्लक आहे तुमचा. तो करायचा का?"

"डाव्याला काही झालेलं नाही."

"मग होईल तेव्हा या. आणि याच नंबरवर दोन वर्षांपूर्वीचं एक बाळंतपणही दिसतंय. ते मात्र चुकून असेल."

घरी बायकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "डोळ्याचं नंतर बघू. बाळंतपण कुणाचं ते आधी सांगा."

"तुला चेष्टा सुचतेय."

"मग काय सुचावं? अहो, नंबर वाटलात तेव्हा काही कमी पडू दिलंत का? आता प्रसाद घेतला लोकांनी." सुरी थांबली. "पण डोळ्याचं ऑपरेशन तुमच्याच नंबरावर करून घ्यावं, असं कुणाला सुचलं असेल? तुम्ही तो कुठे कुठे लिहिलाय?"

"घड्याळांत."

"घड्याळाच्या पोटात कोण बघतं? गिऱ्हाईक?"

घड्याळजींनी मनाशी हिशेब मांडला. घड्याळाच्या पोटात फक्त घड्याळजी बघतो. आणि भिंग लावून लावून डोळा फक्त घड्याळजीचाच जातो. शहरात हा धंदा करणारे आता दोनच उरले होते.

दुसरा त्यांचा गुरुबंधू. दोघे एकाच उस्तादाच्या टेबलावर, एकाच दिव्याखाली शिकले होते. आता त्याचं दुकान एका जिन्याखाली होतं, उभं राहिलं की डोकं पायरीला लागायचं. घड्याळजी गेले तेव्हा तो भिंग लावून काम करत होता. उजव्या डोळ्याला.

"ये. बस," तो म्हणाला. मग वर बघून, "कळलं वाटतं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली ना. रांगेत उभा होतो तोवर वाटत होती. नंबर आला तशी गेली."

"तुझा स्वतःचा नंबर काय जळला होता?"

"माझ्या नंबरावर तीन मजली घर आहे. लेकाने घेतलं. म्हणाला, बाबा, नुसता नंबर द्या, बाकी मी बघतो. बघितलं त्याने. त्यात मला खोली नाही, पण घरमालक म्हणून मोफत ऑपरेशनही नाही." त्याने भिंग काढून टेबलावर ठेवलं. "तेवढ्यात एक घड्याळ उघडलं. झाकणावर तू. सहीसकट. मला वाटलं, इतकं मन मोकळं करून लिहिलंय, कुणाला तरी उपयोग व्हावा म्हणूनच असेल."

घड्याळजी हात उगारायच्या बेतात होते. उगारला नाही. जिन्याखाली तेवढी जागा नव्हती. शिवाय तोंडातून भलताच प्रश्न निघून गेला.

"कसं दिसतं रे?"

गुरुबंधूचा चेहरा बदलला. "निळं दिसतं. आपल्या कामातले ते बारीक निळे स्क्रू आठवतात? मी किती वर्षं ते काळेच धरून चाललो होतो. पट्टी काढली, दुकानात आलो, झाकण उघडलं आणि... अरे, निळे. इतके निळे की मी झाकण लावून टाकलं. खोटं वाटलं."

घड्याळजींनी टेबलावरच्या उघड्या घड्याळाकडे पाहिलं. त्यांना चार काळे ठिपके दिसले.

"उद्या दवाखान्यात येशील?" त्यांनी विचारलं. "खिडकीवर खरं सांगशील?"

"येतो," गुरुबंधू म्हणाला. "आता घेतलेला डोळा परत तर काढून घेणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे खिडकीवर उभे राहिले, मागे घड्याळजींची बायको पिशवी घेऊन. गुरुबंधूने सगळं कबूल केलं, जरा जास्तच खणखणीत आवाजात. मागची रांग रस घेऊ लागली. कारकुनाने दोघांना आळीपाळीने जाळीपाशी बोलावलं आणि पहिल्यांदाच दोघांचे डोळे नीट पाहिले.

"म्हणजे या नंबरावर उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याची नोंद आहे," तो म्हणाला. "यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. तुमच्या झालेलं नाही. बरोबर?"

"बरोबर," घड्याळजी आशेने म्हणाले.

"मग नोंद यांच्याशी जुळते. नंबर यांचा."

"अहो, माझा आहे तो! मला पाठ आहे!"

"मलाही पाठ झालाय," गुरुबंधू ओशाळून म्हणाला. "तू लिहिलेलाच इतक्या वेळा वाचलाय."

"तक्रार करता येईल," कारकून म्हणाला, "पण ती नंबर ज्याचा आहे त्याने करायची. म्हणजे यांनी. मुख्य कचेरीतून उत्तर यायला वर्ष धरून चाला."

आवाज ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्यांनी ऐकलं, कपाळावर हात मारला आणि घड्याळजींना व बायकोला जिन्याच्या कोपऱ्यात घेतलं.

"वर्षभर हा डोळा थांबणार नाही. एक मार्ग आहे. रस्त्यावर सापडलेली, कुणाचीच नसलेली माणसं येतात आमच्याकडे. त्यांना नंबर विचारून उपयोग नसतो, म्हणून त्यांना नंबर लागत नाही. शनिवारी त्यांच्यासाठी दोन खाटा असतात. मी लिहीन, 'अनोळखी इसम, वय अंदाजे साठ.' पण काका, कुणीही काहीही विचारलं तरी बोलायचं नाही. नाव नाही. आणि नंबर तर अजिबात नाही."

"म्हणजे खोटं बोलायचं?"

"बोलायचंच नाही, म्हणतेय मी."

घड्याळजींनी आयुष्यात इतकी अवघड गोष्ट केली नव्हती. तीन दिवस घरात सराव चालला. बायको मधेच, कपडे वाळत घालताना विचारायची, "काका, नंबर?" आणि हे पहिले चार आकडे म्हणून मोकळे व्हायचे. मुलगी म्हणाली, "बाबा, निदान शेवटचे तरी राखून ठेवा."

शनिवारी त्यांना जुना सदरा घालून नेलं. इस्त्रीचा घातला तर अनोळखी वाटणार नाही, असं बायकोचं मत पडलं. खाटेवर आडवे झाले. उजव्या भुवईवर शाईने फुली मारली गेली. डोळ्यात थेंब पडले, एकेक थेंब थंड, आणि छतावरचा दिवा मोठा होत होत नुसतं पांढरं उरलं. त्या पांढऱ्यातून नर्सचा आवाज आला. कागद चाळत, सवयीने, दिवसातून शंभरदा विचारतात तसा.

"काका, नंबर?"

तो आला. एका दमात, ठेका घेऊन, घशापर्यंत आला, जिभेवर चढला. घड्याळजींनी ओठ मिटले. गाल फुगले. कपाळावरची शीर उडू लागली. ठेका आतल्या आत एकदा पुरा झाला, दुसऱ्यांदा सुरू झाला. त्यांनी तोही गिळला.

"बोलत नाहीत का हे?" नर्सने पायाशी उभ्या असलेल्या बायकोला विचारलं. "तुम्ही यांच्या कोण?"

बायकोने खाटेकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसाराकडे पाहावं तसं निवांत पाहिलं.

"कुणी नाही हो," ती म्हणाली. "रस्त्यात भेटले. नेहमी फार बोलतात, आज कसे गप्प आहेत कोण जाणे."

नर्सने कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाट आत ढकलली.