हेलिकॉप्टरचं पोट

हेलिकॉप्टरमध्ये मी आयुष्यात एकदाच बसलो आहे आणि त्यातलं मला काही म्हणता काही आठवत नाही. तेव्हा मी चार महिन्यांचा होतो. वडील नर्मदाकाठच्या एका कसब्यात शाळामास्तर होते. ते सरकारी कामासाठी इंदूरला आलेले असताना नदी गावात शिरली. आई मला घेऊन शाळेच्या गच्चीवर चढली, रात्र तिथेच काढली आणि सकाळी फौजेच्या हेलिकॉप्टरने आम्हा दोघांना दोराने वर ओढून घेतलं. एवढंच मला ठाऊक होतं, तेही वडिलांकडून, आणि ते बिचारे तिथे नव्हतेच.

आईला विचारलं की ती म्हणायची, "वाचलो ना? हो गया, बस." मी पन्नाशी ओलांडली तरी उत्तर तेच. आता ती पंचाहत्तरीला आली आहे. ही गोष्ट ती आपल्याबरोबर घेऊन जाणार आणि मी माझ्याच जगण्याच्या गोष्टीला मुकणार, या विचाराने मला अलीकडे धास्ती वाटू लागली होती. म्हटलं, ती सांगत नसेल तर निदान ते यंत्र तरी बघू.

महूच्या एका निवृत्त फौजी ओळखीच्यांनी त्या काळी पुरात कोणतं हेलिकॉप्टर यायचं ते सांगितलं. त्याचंच प्लास्टिकचं मॉडेल मी ऑनलाइन मागवलं. मी कारखान्यात हिशेब बघणारा माणूस. घरातला बल्बसुद्धा बायको बदलते. खोका उघडला तर आत नुसत्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीला आंब्याच्या डहाळीला मोहोर असावा तसे बारीक भाग लटकलेले. सूचनांच्या कागदावर शब्द एकही नाही, नुसते बाण. बायको म्हणाली, "अहो, हौसेला मोल नसतं हे खरं, पण डोळ्यांना असतं."

दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसायचो. भिंगातून बघताना अक्षरशः तोंड उघडं राहायचं. वैमानिकासमोरच्या घड्याळांत काटे होते. खुर्च्यांना पट्टे होते. पुढची मोठी काच चिकटवताना इन्स्टंट गमच्या वाफेने ती धुरकट झाली, तेव्हा मी त्या खोक्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. शेवटी टूथपेस्टने घासघासून ती साफ केली. आणि एके दिवशी चिमट्यात तो हुक आला. दाराच्या वर बसणारा, दोर अडकवायचा हुक, मोहरीच्या दाण्याएवढा. मी तो किती तरी वेळ तसाच धरून राहिलो. याला आपण लटकलो होतो! खाली नर्मदा आणि वर एवढंसं लोखंड.

पोटाचं मात्र जमलं नाही. दोन अर्धुकं जुळेनात, मधे फट राहिली. तिच्यात लांबी भरली तर टेंगूळ आलं. खालून कोण बघतंय, झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी रंगाचा एक हात फिरवला आणि पात्यांकडे वळलो.

इतके महिने आई येता-जाता तिरक्या नजरेने बघायची, बोलायची नाही. काम झालं त्या रविवारी, पोहे खाऊन झाल्यावर, मी ते तिच्यापुढे ठेवलं. दार दाखवलं, खुर्च्या दाखवल्या, हुक दाखवला. शेजाऱ्यांच्या घरी नवीन सोफा बघावा तसं ती म्हणाली, "छान है." मी मनातून पार खचलो.

मग तिने पदराला हात पुसले आणि हेलिकॉप्टर उचललं.

"अगं, खालून नको बघू, तिथलं काम कच्चं आहे," मी म्हणालो. तिने ऐकलं नाही. खिडकीशी गेली, हात वर करून ते डोक्यावर धरलं आणि मान मागे टाकून बघत राहिली.

"हेच," ती म्हणाली. "मी तर बस एवढंच बघितलं. ज्याने दोर बांधला तो बोलला, माताजी, नीचे मत देखना. मग मी वरच बघत राहिले." तिने बोट टेकवलं. "इथून तेल गळत होतं. काळा रेला होता, इथपर्यंत. तू नाही काढला."

मी खुर्ची तिच्याजवळ सरकवली. ती बसली नाही.

"रात्रभर पाऊस. तू पहिले खूप रडलास, नंतर एकदम चुप. दूध पण नाही ओढलं. अंग थंड. मी पदर काढून बघितलंच नाही. बघितलं असतं तर हात सुटले असते माझे. लोक ओरडत होते, बच्चे को सम्हालो, आणि मी मनात म्हणत होते, अब क्या सम्हालना."

इतके महिने मी त्या हुकाचं नवल करत होतो. त्याला लटकलेल्या बाईचं नवल करायचं राहूनच गेलं होतं. जिवंत नाही असं धरूनही तिने मला सोडलं नव्हतं.

"मग कधी सांगितलं का नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगणार? आईने पोराबद्दल असं मनात आणलं, हे काय सांगायची गोष्ट आहे?" तिने डोळे पुसले नाहीत. काळा रंग मागितला. मी बारीक ब्रश दिला. माझ्या त्या टेंगळावरून तिने एक ओघळ ओढला, शेपटीच्या बाजूला पातळ होत गेलेला.

"दाराच्या खाली पोचलो ना, तर वाऱ्याने पदर सरकला आणि वरून त्या तेलाचा थेंब टपकला, सरळ तुझ्या कपाळावर. गरम असेल. तू असा किंचाळलास! मी हसायलाच लागले. इतकी हसले, की तो वर ओढणारा फौजी दुसऱ्याला म्हणाला, पकडो पकडो, बाई पागल हो गई."