टाकीचं कोमट पाणी

तर काल आपण थांबलो तेव्हा बापूजी नेतीची झारी घेऊन गच्चीवर चढले होते. तिथूनच पुढं. कोराडीच्या वीज केंद्राच्या वसाहतीतला हा माणूस नोकरीभर बॉयलरवर राबला अन् निवृत्तीनंतर नाकांचा वैद्य झाला. कोणी शिंकलं रे शिंकलं, की बापूजी झारी काढणार. एका नाकपुडीत कोमट मिठाचं पाणी ओतायचं, दुसरीतून काढायचं. आणि मे महिन्यात पाणी तापवतो कोण? काळ्या टाकीचा नळ सोडला की झालं. बापूजी म्हणत, "सूर्यनारायण फुकटात बॉयलर चालवून राहिला, गॅस कायले जाळता?"

त्या सकाळी शेजारच्या मनकर्णाबाई पहिल्यांदा नेती करणार होत्या. बापूजींनीच त्यांना राजी केलं होतं, झारीही दिली होती, अन् पाणी टाकीचंच घ्यायला सांगितलं होतं. बापूजींची सून दिपाली नर्स. ती जिन्यातूनच म्हणाली, "मामाजी, पाणी उकळलं काय?"

"गरमच तं हाये वं."

"गरम म्हणजे उकळलेलं नाही. साचलेल्या कोमट पाण्यात एक अमिबा राहू शकतो. पोटात गेला तर काही करत नाही, नाकातून गेला तर मेंदूत शिरतो. कोट्यवधींत एखाद्यालाच होतं, पण झालं की माणूस बहुतेक वाचत नाही."

"मले आजवर काही झालं काय?"

"नाही झालं. आता मनकर्णाकाकूच्या नाकावर प्रयोग करून राहिले काय?"

बापूजींनी झारी तिथंच ठेवली. मग अनवाणीच जिना उतरले. कुंपणापलीकडे मनकर्णाबाई मान तिरपी करून, झारीची तोटी नाकाशी नेत होत्या. बापूजींनी कुंपणावरूनच हात घालून झारी ओढली. अर्धं पाणी बाईंच्या लुगड्यावर, अर्धं कुंडीत.

"अगाई! भूत लागलं काय तुमाले?" बाई कडाडल्या.

बापूजी थेट बाईंच्या स्वयंपाकघरात शिरले. पातेलं चढवलं, खळखळून उकळी येऊ दिली, झाकून निवत ठेवलं. झारी उकळलेल्या पाण्यानं धुतली. एव्हाना आरडाओरडा ऐकून समोरचा कवडू दारात येऊन उभा. हा बापूजींचा जुना चेला, रोज नेती करणारा. मागोमाग आलेल्या दिपालीकडून सगळं ऐकून पोट धरून हसला.

"काहून गा बापूजी, जिंदगी गेली बॉयलरवर, अन् पाणी उकळाचं आज सुचलं?"

बापूजींनी पातेल्यावरचं झाकण नीट केलं अन् म्हणाले, "हसून घे गा. पण आधी तुह्या घरची झारी घेऊन ये. तुलेही टाकीचं पाणी मीच सांगतलं होतं."