चुन्याची बादली

माझ्या पायांचं जे काही वाटोळं झालं, त्याला सबंध सोलापुरात एकच माणूस जबाबदार आहे, आणि तो म्हणजे आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. मी गणिताचा मास्तर. फळ्यावर काळ-काम-वेगाची गणितं घालावीत, पोरांनी ती चुकवावीत आणि मी लाल शाईनं खोडावीत, एवढ्यावर माझी जिंदगी सुखात गेली असती. पण पस्तीस सालाच्या आसपास या गृहस्थांच्या डोक्यात शिरलं, की गिरणीच्या भोंग्यावर उठणाऱ्या आणि मागाच्या खडखडाटात वाढणाऱ्या आपल्या पोरांना माती म्हणजे अंगण सारवायचा जिन्नस एवढंच ठाऊक आहे. झालं! हेडमास्तरांनी मान डोलावली, सोबत आणखी एक मास्तर हवा म्हणून माझ्याकडे बोट केलं, आणि सुटी आली की रानशाळा सुरू झाली. लहान वर्गातली वीसेक पोरंपोरी, मुलींच्या आयांचा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून मास्तरांचं कुटुंब, सामानाला एक छकडा आणि त्यामागून पाय ओढत मी. मुक्काम मोहोळच्या वाटेवरच्या उघड्या माळावर.

या माणसाला ऊन लागत नसे, भूक लागत नसे, आणि दुसऱ्याला लागते हे पटत नसे. पहाटे ते मला हलवून उठवायचे. काय झालं म्हणून मी धडपडत उठावं, तर म्हणायचे, "काही नाही हो, दव पडलंय. बघा की!" दव बघून मी परत आडवा झालो तर त्यांना मनापासून वाईट वाटे. माळावर पोरांनी वहाणा काढूनच फिरायचं असा त्यांचा दंडक होता, आणि पोरांनी काढल्यावर मी कुठल्या तोंडानं घालणार? कुसळं आणि बाभळीचे काटे काढता काढता माझी आख्खी सुटी जाई. एकदा आमच्या पिठाच्या डब्यामागे धामण निघाली. मी छकड्यावर चढलो. मास्तरांनी मात्र चूल उचलून दहा पावलं पलीकडे मांडली आणि वर मलाच सुनावलं, "ती घरची आहे, गणित मास्तर. पाहुणे आपण आहोत." कुणा पोरानं पाखराचं नाव विचारलं की ते कधी सांगत नसत. आधी तासभर बघ, मग तूच ठेव काय ते नाव, म्हणत. खरी नावं त्यांनाही येत नसावीत असा माझा दाट संशय आहे.

आणि चुना! चौदा सालच्या लढाईत ते पलटणीबरोबर परमुलखात नकाशे काढायला होते. तिथून काय आणलं असेल, तर जिथे मुक्काम तिथे धोंड्यांना चुना फासून ओळी लावायची खोड. राहुटीभोवती पांढरे धोंडे, चुलीभोवती पांढरे धोंडे, पाण्याच्या वाटेला दोन्ही बाजूंनी धोंडे. "जे आपलं आहे आणि जपायचं आहे, त्याला कड पाहिजे," असं ते पोरांना शिकवत. कुणाची ओळ जास्त सरळ यावर पोरांत चुरस लागे. चुन्याची बादली माझ्या ताब्यात असे, कारण कंटाळवाणी कामं सगळी माझ्याकडे.

एका वर्षी गणपतीच्या सुटीत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नरसम्मा नावाची विणकराची पोर धापा टाकत आली. ही पोर वर्गात चकार शब्द बोलत नसे, त्या दिवशी मात्र ओरडत आली, "मास्तर, लई मोठं अंडं हाय! नुसतं जमिनीवर पडलंय!" मास्तरांनी सगळ्यांना गवतात पालथं झोपवलं. मलाही. बऱ्याच वेळानं एक मोठी मादी उंच मान करून, थांबत थांबत आली आणि अंड्यावर बसली. माळढोक. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते हळूच म्हणाले, "वर्षाला एकच अंडं घालते ही. एकच. कुणी जवळ जायचं नाही. महिन्याभरात पिल्लू निघेल, तेव्हा मी तुम्हा सगळ्यांना परत आणीन." वीस पोरांनी गळ्याची शपथ घेतली. नरसम्मा तर जेवायलाही उठेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर पाण्यासाठी छकडा घेऊन ओढ्यावर गेले आणि पोरं माझ्यावर सोडून गेले. रात्री गारठ्यानं झोप नव्हती, पायात दोन काटे होते, वैतागून गेलो होतो. नरसम्मा आणि चारपाच पोरं आली. "मास्तर, चुना द्या की." कशाला, हे मी विचारलं नाही. तेवढीच शांतता मिळेल म्हणून बादली पुढे सरकवली आणि डोळ्यांवर टोपी ओढली.

मास्तर परतले तेव्हा पोरं त्यांचा हात धरून मोठ्या अभिमानानं त्यांना घेऊन गेली. मीही गेलो. मादी चरायला उठली तेवढ्यात त्यांनी काम उरकलं होतं. अंड्याभोवती पांढऱ्याशुभ्र धोंड्यांचं गोल कडं. कुणाचा बैल चुकून पाय देऊ नये म्हणून. "आमी अंड्याला हात लावला न्हाई," नरसम्मा म्हणाली, "नुस्ती कड केली." मास्तर तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "गोल फार सुरेख आलाय." पोरं जेवायला गेल्यावर त्यांनी एकेक धोंडा उचलून लांब नेला आणि जमिनीवर सांडलेला चुना सदऱ्यानं पुसला. मग दोन दिवस ते गवतात पालथे पडून होते. मादी लांबवर आली, उभी राहिली, गेली. मेंढरं घेऊन जाणारा एक धनगर म्हणाला, "आता न्हाय यायची ती. बुजली की बुजली." पोरांना मास्तरांनी सांगितलं, आई आली बरं का, पहाटे आली.

महिन्यानं पोरांनी तगादा लावला. मास्तर म्हणाले, आधी आम्ही दोघं बघून येतो. गेलो. अंडं नव्हतंच, कोल्ह्यानं नेलं असावं, थोडी टरफलं होती. येताना इतक्या कोसांत त्यांनी चुन्याचं नावही काढलं नाही. बादली माझ्याकडे असे, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. दुसऱ्या दिवशी वर्गात त्यांनी रंगीत खडूंनी फळाभर पिल्लू काढलं, आईच्या मागे गवतातून पळणारं, आणि सांगितलं, निघालं, मोठं झालं, आम्हाला बघून पळालं. पोरांनी टाळ्या पिटल्या. दाराशी मी उभा होतो. जवळून जाताना म्हणाले, "गणित मास्तर, उत्तर चुकीचंय. पण खोडू नका."

त्यानंतर रानशाळा बरीच वर्षं चालली, माझे पाय संपेपर्यंत. चुना मात्र परत कधी नेला नाही. मास्तर गेले त्यालाही आता किती पावसाळे झाले. अजून पहाटे जाग येते आणि कुणीतरी दव दाखवायला हलवील म्हणून मी उगाच पडून राहतो.

परवा मंगळवारच्या बाजारात एका बाईनं वाकून नमस्कार केला. कडेवर पोर, हाताला दुसरं. "वळखलं न्हाई व्हय मास्तर? नरसम्मा." मग हाताला धरलेल्या पोरीला पुढे करून म्हणाली, "हिला सांगा की. आमी धोंडं लावलं म्हनूनच तर पिल्लू वाचलं नव्हं?"

सबंध जन्म चुकीची उत्तरं खोडण्यात गेला माझा. मी त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. म्हटलं, "व्हय बाळ. तुझ्या आईनंच वाचवलं."